काऊबॉयच्या थाटाचा वाढदिवस

अमेरिकेंत मुलांचा वाढदिवस साजरा करतांना आधीं त्याचा एक विषय ठरविण्याची चाल आहे. विषय ठरला म्हणजे निमंत्रणाची चिठ्ठी, पोषाख, खेळ, खाणें आणि केकवरची नक्षी हीं सारीं त्याच्या अनुरोधानें बेततात. कोणाचा वाढदिवस समुद्रावरील चांचेलोकांचा, कोणाचा सर्कशीचा, तर कोणाचा आगगाडीचा. ह्या विषयांपैकीं बराच जुना आणि अद्यापि न विटलेला विषय म्हणजे काऊबॉय, अर्थात् त्या देशांतील घोड्यावरचा गुराखी. टेक्सस राज्यांतील ह्यूस्टन शहरांत १९३२ सालापासून गुराढोरांचा आणि घोडेस्वारीचा एक मोठा मेळा भरत आला आहे. तो सुरू होण्यापूर्वींच्या एका शुक्रवारीं शाळेंतलीं मुलें आणि कचेऱ्यांतले कारकूनसुद्धां रुंद कडांच्या टोप्या व उंच टाचांचे बूट घालून हिंडतांना दिसतात. त्या शहरांत नोकरीधंद्याच्या निमित्तानें स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबेंही थोडीं नाहींत. त्यांचीं मुलें शाळेंतून येऊन आईजवळ हाच हट्ट धरतात, आणि पोळपाटापुढें बसलेल्या आईला, हा गुराखी म्हणजे नेमका कोण आणि त्याचा वाढदिवस तो कसा करावयाचा, असा प्रश्न पडतो.

बाजारांत ह्या थाटाचें सामान तयार मिळतें. पुठ्ठ्याची टोपी, पत्र्याचा तारा, प्लॅस्टिकचें पिस्तूल आणि घोड्याचें चित्र असलेल्या कागदी बशा असा संच विकत आणला कीं पालकांना वाटतें, झालें काम. परंतु अर्ध्या तासांत पिस्तुलांचा आवाज तेवढा उरतो, दोन मुलें रडूं लागतात, आणि पुढें काय करावें हें कोणालाच सुचत नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. वेष आणला, पण वेषामागचें काम आणलें नाहीं. काऊबॉय हा मुळांत एक कष्टाळू कामकरी होता. त्याचें काम काय होतें हें आईबापांनीं थोडेंसें समजून घेतलें, तर दोन तासांचे खेळ त्या कामांतूनच निघतात आणि खर्चही बराच कमी होतो.

१८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें, तेव्हां टेक्ससच्या माळरानांवर लांब शिंगांचीं लक्षावधि गुरें मोकाट वाढलेलीं होतीं. तेथें एका जनावराला तीन-चार डॉलर मिळण्याची मारामार. उत्तरेकडील शहरांत त्याच जनावराला तीस-चाळीस डॉलर देणारें गिऱ्हाईक तयार. मध्यें शेंकडों मैलांचें अंतर, आणि टेक्ससहून तिकडे जाणारी आगगाडी नाहीं. १८६७ सालीं जोसेफ मॅकॉय नांवाच्या व्यापाऱ्यानें कॅन्ससमधील अॅबिलीन ह्या रेल्वेच्या गांवीं गुरांसाठीं मोठाले वाडे बांधले, आणि टेक्ससचे कळप पायीं चालत तेथवर येऊं लागले. हा प्रवास दोन-तीन महिन्यांचा असे. दोन-अडीच हजार गुरांमागें सुमारें डझनभर माणसें असत व दिवसाला दहा ते पंधरा मैलांची मजल होई. माणसें तरी कसलीं, पुष्कळसे पोरसवदाच असत. पगार महिना पंचवीस ते चाळीस डॉलर. पुढें रेल्वेचे फांटे दक्षिणेकडे सरकले. १८७४ सालीं जोसेफ ग्लिडन ह्यानें काटेरी तारेचें पेटंट घेतलें आणि मोकळ्या माळाला कुंपणें पडूं लागलीं. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यांत उत्तरेकडील कुरणांवर गुरांचा नुसता संहार उडाला. ज्याच्या नांवानें आज जगभर टोप्या विकल्या जातात त्या माणसाचा ऐन अंमल एकंदरींत वीस वर्षांचा! १८८३ सालीं ‘बफेलो बिल’ ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या विल्यम कोडीनें त्याचा तमाशा उभारून गांवोगांव फिरविला, मागाहून सिनेमानें त्याला हातीं घेतलें, आणि गुरांमागची धूळ खाणारा हा पोरगा पिस्तूल रोखणारा वीर होऊन बसला.

सिनेमानें आणखी एक गोष्ट लपविली. पडद्यावरचा काऊबॉय बहुधा गोरा असतो. इतिहासकारांच्या अंदाजानें त्या काळच्या चार काऊबॉयांपैकीं एक काळा, म्हणजे नुकताच गुलामगिरींतून सुटलेला किंवा तशा आईबापांचा मुलगा होता. मेक्सिकन तर पुष्कळच होते, आणि मूळ रहिवासी जमातींतलेही होते. धांवत्या बैलाला घोड्यावरून उडी घालून शिंगांनीं लोळविण्याचा जो प्रकार आज मेळ्यांत टाळ्या घेतो, तो लोकप्रिय करणारा बिल पिकेट हा काळाच होता. विद्याही गोऱ्यांची नव्हे, ती स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकन गुराख्यांची. ‘रँच’, ‘लॅसो’, ‘रोडिओ’ हे सारे शब्द स्पॅनिश आहेत. रोडिओ म्हणजे मुळांत गुरांना चहूंकडून घेरून एकत्र आणणें. हें घरच्यांना ठाऊक असावें, म्हणजे सांवळ्या वर्णाच्या मुलानें टोपी घातली असतां वर्गांतल्या कोणी “तूं कसला काऊबॉय!” असें म्हटलें तर त्या मुलाजवळ उत्तर असेल.

आतां प्रत्यक्ष तयारीकडे वळावें. मुलें किती बोलवावींत ह्याविषयीं अमेरिकन घरांत एक सोपा ठोकताळा आहे: मुलाचें जितकें वय तितके पाहुणे, फार तर एक अधिक. सहाव्या वाढदिवसाला सहा-सात मुलें पुरे. वर्गांतल्या तीस मुलांना बोलावून त्यांतल्या पंचवीसांना बाकांवर बसवून ठेवण्यापेक्षां हें बरें. वेळ दोन तासांहून अधिक नसावी. निमंत्रणाच्या चिठ्ठींत सुरू होण्याची वेळ जशी लिहितात तशी संपण्याचीही लिहावी. तिकडे ती लिहिण्यांत कोणाचा अपमान होत नाहीं, उलट गाडी घेऊन येणाऱ्या पालकांची सोय होते. त्याच चिठ्ठींत “आपल्या मुलाला कोणता पदार्थ चालत नाहीं तें कळवावें” ही एक ओळ घालावी. तिचें महत्त्व पुढें येईल.

पोषाखाला दुकान लागत नाहीं. तिकडे वाणसामान तपकिरी कागदाच्या मोठ्या पिशव्यांत मिळतें. अशी पिशवी उपडी धरून समोरून मधोमध उभी कापावी, बुडाला मानेपुरतें भोंक पाडावें, दोन बाजूंना हातांसाठीं दोन गोल काढावे, आणि खालच्या कांठाला कात्रीनें झालर काढावी, बंडी झाली. गळ्याला चौकोनी रुमाल. ह्या रुमालाला तिकडे ‘बॅन्डॅना’ म्हणतात आणि हा शब्द हिंदुस्थानांतून गेलेला आहे. कापडाला गांठी मारून रंगविण्याच्या आपल्या बांधणीशीं त्याचें नातें आहे. काऊबॉयच्या गळ्यांत तो शोभेसाठीं नसे. हजारों खुरांनीं उडालेली धूळ नाकातोंडांत जाऊं नये म्हणून तो वर ओढून घेत. निळ्या जाड सुती विजारीला पूर्वीं अमेरिकेंत ‘डंगरी’ म्हणत. तें नांव आलें मुंबईच्या डोंगरी भागावरून, कारण तसलें जाडेंभरडें कापड सतराव्या शतकापासून तेथून परदेशीं जात असे. म्हणजे ह्यूस्टनमधील मराठी मूल हा वेष चढवितें तेव्हां गळ्यांतला रुमाल आणि कमरेची विजार ह्यांतलें निदान नांव तरी घरचेंच असतें. टोपी मात्र अस्सल तिकडची. फिलाडेल्फिया येथील जॉन स्टेटसन ह्यानें १८६५ सालीं रुंद कडांची व उंच डोक्याची टोपी बाजारांत आणली. ती उन्हांत छत्री होई आणि पावसांत पागोळी. मुलांसाठीं गवती टोपी बरी, आणि तिच्या आंतल्या बाजूला नांव लिहून ठेवणें त्याहून बरें.

पाहुणीं मुलें एकदम येत नाहींत. पहिलें मूल आलें आणि शेवटचें यावयाचें आहे, हीं मधलीं पंधरा-वीस मिनिटें अत्यंत अवघड. ह्याच वेळीं मुलें बुजतात किंवा घर डोक्यावर घेतात. ह्या वेळेसाठीं अतिशय योग्य असें एक काम गुराख्यांच्या धंद्यांत आहे, तें म्हणजे गुरांवरची खूण.

कुंपणें नव्हतीं तेव्हां अनेक मालकांचीं गुरें एकाच माळावर चरत. कोणाचें कोणतें हें ओळखण्यासाठीं वासराच्या कातडीवर तापलेल्या लोखंडानें डाग देत. डाग देणें आपल्या खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे, पण आपल्याकडे तो बहुधा रोगावरचा उपाय म्हणून. तिकडे ती मालकीची सही. ह्या सह्यांचें एक लहानसें व्याकरणच आहे. खूण डावीकडून उजवीकडे, वरून खालीं आणि बाहेरून आंत वाचावयाची. अक्षर आडवें पाडलें असेल तर तें ‘आळशी’ अक्षर. खालीं पाळण्याच्या तळासारखी कमान असेल तर ‘डोलणारें’. दोन बाजूंना पंख काढले असतील तर ‘उडतें’. आणि नुसती आडवी रेघ असेल तर तिला ‘दांडी’ म्हणावयाचें. दक्षिण टेक्ससमधील किंग रँच ह्या विख्यात कुरणाची खूण ‘धांवता डब्ल्यू’ अशी आहे. ऑस्टिन येथील विधिमंडळाची भव्य इमारत बांधून देण्याच्या मोबदल्यांत राज्यानें सुमारें तीस लाख एकर जमीन देऊन टाकली. तीवर जें एक्स-आय-टी नांवाचें प्रचंड कुरण उभें राहिलें, त्याची खूण हीं नुसतीं तीन अक्षरेंच होतीं. टेक्ससमध्यें अशी खूण जिल्ह्याच्या कारकुनाकडे नोंदवावी लागते, आणि ती पद्धत अजून चालू आहे.

तेव्हां दारांतच एक मेज मांडून घरांतल्या कोणा काकांना किंवा आजोबांना कारकून करून बसवावें. प्रत्येक मुलानें आपल्या नांवाच्या पहिल्या अक्षरावरून आपली खूण काढावी आणि काकांकडे वहींत नोंदवावी. दोघांची खूण एकसारखी आली तर दुसऱ्यानें तिला पंख लावावे, नाहीं तर दांडी जोडावी. आळशी म, उडता र, डोलणारा स, असें देवनागरींतही हें उत्तम जमतें, आणि शेजारच्या अमेरिकन मुलांना ह्या नव्या अक्षरांचा फार हेवा वाटतो. मोठा बटाटा मधोमध कापून कापल्या तोंडावर ही खूण कोरावी. चाकू अर्थात् मोठ्या माणसाच्याच हातीं असावा; मुलानें बटाट्यावर खूण रेखावी, काकांनीं ती खोदावी. अक्षर उलटें कोरावें लागतें, एरवीं ठसा उलटा उठतो. नंतर धुतल्यानें जाणारा रंग लावून मुलानें आपल्या कागदी बंडीवर, आपल्या पाणी पिण्याच्या कागदी पेल्यावर आणि घरीं नेण्याच्या पुड्यावर ठसे मारावे. पेल्यावरच्या ठशाचा उपयोग दिवसभर होतो. एकाचें उष्टें दुसऱ्यानें पिण्याची भीति उरत नाहीं.

सर्व मुलें जमलीं म्हणजे मुख्य खेळ. कळप हांकणें हा तो खेळ होय, आणि ह्यापेक्षां चांगला खेळ ह्या विषयांत सांपडणें कठीण. घरामागच्या अंगणाच्या एका टोकाला टेक्सस व दुसऱ्या टोकाला चुन्यानें काढलेलें अॅबिलीनचें रिंगण. मध्यें एक जुनी निळी चादर पसरावी, ती रेड रिव्हर नदी. गुरें म्हणून वीस-पंचवीस हलके चेंडू घ्यावे. तिकडे पुष्कळ घरीं फुगे घेतात. पण फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशांत अडकून मुलें दगावल्याचीं उदाहरणें आहेत, आणि आठ वर्षांखालील मुलें न फुगविलेल्या किंवा फुटलेल्या फुग्यानें गुदमरूं शकतात अशी सूचना तेथें फुग्यांच्या पुड्यांवर छापलेली असते. मुलांच्या हातीं आंखूड केरसुण्या द्याव्या आणि चेंडू न उचलतां, नुसते ढकलीत अॅबिलीनला न्यावे.

येथवर हा खेळ कोणत्याही शर्यतीसारखा आहे. त्याला गुराख्यांचा रंग येतो तो जागांच्या वाटणीनें. खऱ्या कळपांत प्रत्येक स्वाराची जागा ठरलेली असे. दोन अनुभवी स्वार अग्रभागीं वाट दाखवीत. मध्यभागीं दोन्ही बाजूंना कांहींजण कळप फुटूं देत नसत. आणि अगदीं मागें, धुळीच्या लोटांत, लंगडीं व आळशी जनावरें पुढें रेटणारे असत. ही शेवटची जागा कोणालाच नको असे, म्हणून ती नवशिक्यांच्या वांट्याला येई. घोड्यांचा राखणदार निराळा आणि स्वयंपाकी निराळा. खेळांतही मुलांना ह्या जागा वांटून द्याव्या व दर फेरीला त्या फिरवाव्या. पहिल्या फेरींत मागची जागा वाढदिवसाच्या मुलाला द्यावी. तो किंचित् हिरमुसेल, पण त्याच्या मागून मग कोणीही तक्रार करीत नाहीं. शर्यतींत जें मूल नेहमीं मागें पडतें त्यालाही ह्या खेळांत कमीपणा येत नाहीं, कारण शेवटचा चेंडू पोंचल्यावांचून कळप पोंचला असें होतच नाहीं.

दुसरा नियम शांततेचा. टेक्ससचीं गुरें भित्रीं असत. रात्रीं भांडें वाजलें किंवा वीज कडाडली कीं सारा कळप उधळे, आणि अंधारांत त्याच्यापुढें घोडा फेंकणाऱ्या स्वाराचा जीव जाई. म्हणून रात्रीचे पहारेकरी कळपाभोंवतीं हळूं चालीनें घोडा फिरवीत आणि संथ सुरांत गात राहत. माणसाचा ओळखीचा आवाज ऐकून गुरें स्वस्थ बसत. खेळांत नियम असा ठेवावा: कोणी ओरडलें कीं गुरें उधळलीं, आणि सारा कळप दहा पावलें मागें. मुलें गुणगुणत, दबकत चेंडू नेऊं लागलीं म्हणजे पाहणाऱ्या पालकांना हंसूं आवरत नाहीं. सातआठ मुलांना वीस मिनिटें स्वखुशीनें हळूं बोलावयास लावणारा दुसरा उपाय शाळामास्तरांजवळही नाहीं!

दोर फेंकण्याचा खेळ मुलांना हवाच असतो. येथें एक गोष्ट कडकपणें पाळली पाहिजे. फास माणसावर टाकावयाचा नाहीं, थट्टेनेंही नाहीं. धांवत्या मुलाच्या मानेंत दोर पडला तर काय होईल हें सांगावयास नको. लक्ष्य स्थिर असावें. उपड्या बादलीवर किंवा चार पायांच्या स्टुलावर पुठ्ठ्याचें शिंगांसकट डोकें बांधलें कीं वासरूं झालें. टेक्ससमधील मुलें गवताच्या भाऱ्याला प्लॅस्टिकचें डोकें खोंचून त्यावर असाच सराव करतात. दोर सुती, मऊ आणि दहाबारा फुटांचा असावा. सहा वर्षांखालील मुलांना दोर न देतां वेताच्या किंवा प्लॅस्टिकच्या मोठ्या कड्या द्याव्या. खेळ संपतांच दोर मोठ्या माणसानें गुंडाळून घरांत नेऊन ठेवावा. ज्यांना दोर साधत नाहीं त्यांच्यासाठीं घोड्याचे नाल फेंकण्याचा खेळ आहे. मोठ्या माणसांच्या खेळांत दोन मेखा चाळीस फुटांवर असतात. मुलांना रबरी नाल आणि आठदहा फुटांचें अंतर पुरें. मेखेंत नाल अडकला तर तीन गुण, जवळ पडला तर एक.

भाड्यानें तट्टू आणण्याची हौस पुष्कळांना असते. तट्टू आणलेंच तर त्याचा माहीतगार माणूस लगाम धरून बरोबर चालावा, मुलाच्या डोक्यावर काऊबॉयची टोपी नव्हे तर टणक शिरस्त्राण असावें, आणि जनावराला हात लावल्यावर साबणानें हात धुतल्याखेरीज कोणी खाण्याला शिवूं नये. मेंढीवर बसण्याच्या शर्यती मेळ्यांत असतात, पण तेथेंही पांचसहा वर्षांच्या मुलांना शिरस्त्राण घालूनच बसवितात. घरीं तो उद्योग करूं नये. काठीचा घोडा सर्वांत निर्धोक. त्याच्या टाचा झिजत नाहींत आणि दाणावैरणही लागत नाहीं.

आतां पिस्तुलाचा प्रश्न. मुलें तें मागतील, आणि शेजारच्या मुलाजवळ तें असेलही. तिकडे ही गोष्ट केवळ आवडीनिवडीची राहिलेली नाहीं. खेळण्यांतलीं पिस्तुलें खऱ्यासारखीं दिसूं लागलीं म्हणून १९८८ सालीं अमेरिकेंत कायदा होऊन त्यांच्या नळीच्या टोंकाला नारिंगी रंगाची खूण असावी असें ठरलें. तरीसुद्धां नोव्हेंबर २०१४ मध्यें क्लीव्हलंड शहरांतील एका बागेंत छर्ऱ्यांचें नकली पिस्तूल घेऊन खेळणाऱ्या बारा वर्षांच्या काळ्या मुलाला पोलिसानें खरें शस्त्र समजून गोळी घातली आणि तें मूल दुसऱ्या दिवशीं वारलें. ज्या देशांत अशी गोष्ट घडूं शकते त्या देशांत दहा सांवळीं-गोरीं मुलें रस्त्यालगतच्या अंगणांत नकली पिस्तुलें घेऊन धांवत आहेत हें दृश्य कोणत्याही समंजस आईबापांनीं उभें करूं नये. मुलाला नुसतें “नाहीं” म्हटलें तर तें रुसेल. त्याला खरी हकीकत सांगावी. कळपाजवळ गोळी झाडणें म्हणजे आपल्या हातानें गुरें उधळविणें. आणि कॅन्ससमधील डॉज सिटीसारख्या गुरांच्या बाजाराच्या गांवीं शस्त्र बाळगून हिंडण्यास बंदी होती. तशी पाटीच लावलेली असे. पिस्तुलावांचूनचा काऊबॉय हा अर्धवट काऊबॉय नव्हे. त्याचें खरें हत्यार दोर.

ह्याच्याच जोडीचा दुसरा प्रश्न ‘काऊबॉय आणि इंडियन’ ह्या जुन्या खेळाचा. निम्मीं मुलें डोक्यांत पिसें खोवून मरण्यासाठीं धांवतात आणि निम्मीं त्यांना मारतात, असा हा खेळ अमेरिकेंत पिढ्यानुपिढ्या चालत आला. हिंदी आईबापांच्या मुलाला येथें एक विचित्र पेंच पडतो. “तूं इंडियन ना, मग तूं तिकडे हो” असें त्याला सांगण्यांत येतें. कोलंबसाच्या भूगोलांतील चूक पांचशें वर्षांनीं वाढदिवसाच्या अंगणांत त्याला भोगावी लागते. ज्यांना इंडियन म्हटलें ते कोमांची, चेरोकी, चोक्टाव अशा निरनिराळ्या राष्ट्रांचे लोक. आजच्या ओक्लाहोमा राज्याच्या जागीं त्यांचा मुलूख होता, आणि टेक्ससचे कळप त्या मुलखांतून जात तेव्हां तेथील जमाती डोईमागें जकात मागत. ती देऊन किंवा कांहीं जनावरें देऊन कळप पुढें जाई. म्हणजे वाटेंत लढाईपेक्षां सौदाच अधिक. हा सौदा कळपाच्या खेळांत घेतां येतो: नदीच्या पलीकडे एक मोठें माणूस जकातीच्या नाक्यावर बसवावें आणि मुलांनीं दोन चेंडू देऊन किंवा एक कोडें सोडवून पुढें जावें. पिसांचे मुकुट मात्र आणूं नयेत. माळरानावरच्या जमातींत ते पराक्रमानें व लोकांच्या मान्यतेनें मिळतात. एखाद्याच्या घरच्या पूजेंतली वस्तु खेळायला घ्यावी तसें तें होतें.

खाण्याचा बेत सोपा आहे. १८६६ सालीं चार्ल्स गुडनाइट ह्यानें फौजेची जुनी भक्कम गाडी घेऊन तिच्या पाठीला खणांचें कपाट बसविलें. त्याची फळी खालीं सोडली कीं ओटा तयार होई. ही गुराख्यांची मुदपाकाची गाडी. तींत राजम्यासारखे घेवड्याचे दाणे, खारवलेलें मांस, आंबवलेल्या पिठाच्या जाड रोट्या, वाळवलेलीं सफरचंदें आणि कडक कॉफी एवढेंच असे. स्वयंपाक्याचा दरारा मुकादमाच्या खालोखाल. त्याच्या चुलीपाशीं धूळ उडवीत घोडा आणण्याची कोणाची छाती नसे. पुठ्ठ्याच्या खोक्यांची अशी गाडी करावी आणि तिच्या फळीवरून वाढावें. मक्याची कणसें, मक्याच्या पिठाची गोडसर रोटी, राजम्याची उसळ आणि फळें एवढें पुष्कळ होतें. मराठी घरांत शाकाहार असेल तर डबे पाहून घ्यावे: तयार मिळणाऱ्या घेवड्याच्या डब्यांत तिकडे बहुधा डुकराचें मांस असतें, आणि मार्शमॅलो नांवाच्या पांढऱ्या मिठाईंत जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेलें जिलेटिन. पाहुण्यांच्या बाजूनेंही तितकीच काळजी घ्यावी. भुईमुगाच्या दाण्याचा कणही ज्यांना बाधतो, प्रसंगीं जिवावर बेततें, अशीं मुलें तिकडे पुष्कळ वर्गांत असतात. आपल्या चिवड्यांत आणि लाडवांत तो सहज असतो. निमंत्रणांतील ती ओळ ह्यासाठीं. चार वर्षांखालील भावंडें असतील तर गोल सॉसेज, अख्खीं द्राक्षें व मक्याच्या लाह्या त्यांच्या पुढ्यांत ठेवूं नयेत. त्या त्यांच्या घशांत अडकतात.

केकवर घोडा काढावा कीं बैल, ह्यावर घरांत वाद होईल. बैल काढला तर त्याला वशिंड काढण्यास हरकत नाहीं. टेक्ससच्या कडक उन्हांत व गोचिडांच्या त्रासांत युरोपची गुरें टिकेनात, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९२६ पर्यंत हिंदुस्थानी रक्ताचीं तीनशेंहून कमी जनावरें अमेरिकेंत नेलीं गेलीं. गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकांठचीं अशा जातींच्या त्या वळूंपासून ‘ब्राह्मण’ नांवाची नवी अमेरिकन जात पैदा केली, आणि तिच्या पैदासकारांचा संघ १९२४ सालीं ह्यूस्टनमध्येंच स्थापन झाला. मेळ्यांत स्वाराला पाठीवरून भिरकावून देणाऱ्या बैलांपैकीं कितीएकांच्या अंगीं हें रक्त असतें. कृष्णाकांठचा बैल म्हणजे सांगली-साताऱ्याकडचा. तेव्हां आजोळ तिकडचें असलेल्या मुलाला केकवरच्या बैलाची ओळख आजीकडून पत्रानें किंवा फोनवर करून देतां येईल.

समारंभ संध्याकाळचा असेल तर शेवटचा खेळ अगदीं बिनखर्चाचा आहे. मुदपाकाचा स्वयंपाकी रात्रीं निजण्यापूर्वीं ध्रुवाचा तारा पाहून गाडीचा दांडा त्याच्याकडे वळवून ठेवी. सकाळीं आभाळ झांकलेलें असलें तरी उत्तर कोठें हें मुकादमाला कळे, आणि कळप त्या दिशेला निघे. मुलांना अंगणांत नेऊन आधीं सप्तर्षि दाखवावे, त्यांतल्या टोंकाच्या दोन ताऱ्यांतून सरळ रेघ ओढून ध्रुव शोधावयास सांगावा, आणि सर्वांनीं मिळून पुठ्ठ्याच्या गाडीचा दांडा तिकडे वळवावा. तेवढ्यांत पालकांच्या गाड्या दारांत लागतात. प्रत्येक मुलाला त्याची खूण मारलेला पुडा व गळ्यांतला रुमाल देऊन निरोप द्यावा, आणि टोप्या आंतलें नांव वाचून ज्याच्या त्याच्या हवालीं कराव्या.